आरसा कुणाच्या हातात

1980 साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात रॉबर्ट क्लेक आणि अँजेलो स्ट्रेंटा या दोघा मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रयोगासाठी आलेल्या माणसांच्या गालावर रंगभूषेनं एक मोठा, डोळ्यात भरेल असा व्रण काढला गेला. मग त्यांना आरसा दाखवला. आपला चेहरा कसा विद्रूप झालाय हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर, रंग सुकून तडकू नये म्हणून वरून जरा क्रीम लावतो, असं सांगून तो व्रण गुपचूप पुसून टाकला. त्यांना याचा पत्ताही लागला नाही. आपला रोजचाच चेहरा घेऊन, पण गालावर व्रण आहे या समजुतीत, ही माणसं एका अनोळखी व्यक्तीशी गप्पा मारायला बसली. नंतर त्यांना विचारलं, समोरचा तुमच्याशी कसा वागला? अवघडल्यासारखा, असं त्यांनी सांगितलं. वरवरचं, कीव केल्यासारखं बोलत होता. नजर तर सारखी गालाकडेच.

समोरच्याला काहीही दिसलेलं नव्हतं. दिसण्यासारखं काही नव्हतंच.

मला हा प्रयोग विलक्षण वाटतो. त्या माणसांनी खोटं सांगितलं नव्हतं. समोरचा खरोखरच कधी मान वळवत असेल, कधी बोलता बोलता थांबत असेल. सगळीच माणसं तसं करतात. पण गालावरच्या नसलेल्या व्रणानं त्या प्रत्येक हालचालीला अर्थ दिला.

2018 साली आलेला 'आय फील प्रिटी' हा अमेरिकन विनोदी चित्रपट म्हणजे जणू हाच प्रयोग उलटा करून दाखवलेला. एमी शूमरनं साकारलेली रेनी स्वतःच्या रूपावर कायम नाराज असते. व्यायामाच्या वर्गात सायकलवरून ती पडते, डोक्याला मार लागतो, आणि शुद्धीवर आल्यावर आरशात तिला एक अप्रतिम सुंदर बाई दिसते. प्रेक्षकांना मात्र तीच जुनी रेनी दिसत राहते. चित्रपटभर तिच्या अंगाचा एक कणही बदलत नाही. बदलतं ते चालणं, बोलणं, खुर्चीत बसणं, नोकरी मागायला जाणं. तिला पाहून आपण हसतो, आणि हसता हसता एका क्षणी लक्षात येतं की ही बाई जे करतेय त्यात अशक्य असं काहीच नव्हतं. कालपर्यंत ती ते करत नव्हती, एवढंच.

मराठीत या वाटेनं गेलेला चित्रपट म्हणजे सचिन कुंडलकर यांचा 'वजनदार'. 11 नोव्हेंबर 2016 ला तो लागला, म्हणजे नोटाबंदी जाहीर होऊन जेमतेम तीन दिवस झाले होते आणि सारा महाराष्ट्र एटीएमसमोर रांगेत उभा होता. त्या धांदलीत किती जणांनी थिएटर गाठलं असेल कोण जाणे. कथा पाचगणीतली, दोन बायकांची. एक कावेरी, लग्न होऊन सासरी नांदणारी, घरच्यांच्या चौकटीत बसवलेली. दुसरी पूजा, बिनलग्नाची, मोकळ्या वळणाची. दोघींच्या वाटा निराळ्या, अडचण एकच. मग दोघी मैत्रिणी होतात आणि मिळून वजन उतरवायच्या मागे लागतात.

कावेरी झाली सई ताम्हणकर आणि पूजा झाली प्रिया बापट. अंगावर कापसाच्या गाद्या बांधून त्या जाड झाल्या नाहीत. भूमिकेसाठी दोघींनी खरोखर वजन वाढवलं. चारच वर्षांपूर्वी 'नो एन्ट्री पुढे धोका आहे'मध्ये बिकिनी घातली म्हणून जिची महाराष्ट्रभर चर्चा झाली होती, तीच ही सई. एका नटीचं सगळं भांडवल तिच्या बांध्यात आहे असं मानणाऱ्या धंद्यात हे सोपं नव्हतं. आणि त्यामुळेच पडद्यावर एक गोष्ट घडते. चेहरा तोच, डोळे तेच, अभिनयाची ताकद तीच, पण बघणारा क्षणभर अडखळतो. ते अडखळणं कुंडलकरांना हवं होतं, असं मला वाटतं.

जाड बाई हा आपल्या सिनेमाचा जुना विनोद आहे. उमादेवी खत्री नावाच्या गायिकेनं 1947 च्या 'दर्द'मध्ये नौशाद यांच्या संगीतात गायलेलं गाणं घराघरात पोचलं होतं. पुढे 1950 च्या 'बाबुल'पासून तीच बाई टुणटुण म्हणून पडद्यावर आली आणि पुढची कित्येक वर्षं तिनं नुसतं दारातून आत यायचं, की लोक हसायचे. असा गोड गळा असलेल्या बाईची ओळख शेवटी तिचा आकार ठरली. 'वजनदार'मध्ये हसू येतं ते मात्र वजनाभोवतीच्या खटाटोपाला: उपाशी राहणं, चोरून खाणं, काट्यावर उभं राहताना श्वास रोखणं. ज्या घरात एक तरी माणूस कधी 'उद्यापासून डाएट' म्हणालंय, त्या घराला हे हसू ओळखीचं आहे.

आता पाचगणी सोडून जालना जिल्ह्यात येऊ. इथे सौंदर्याचं माप कसं घरात येतं ते पाहायला सिनेमा लागत नाही. लग्नाचा बायोडाटा पुरतो. वर गणपतीचं चित्र, खाली ओळीनं नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, रास, नाडी, गण, शिक्षण, उंची, आणि मग एक रकाना: वर्ण. त्यात 'गोरा', 'निमगोरा', 'गव्हाळ', 'उजळ' यांपैकी काहीतरी लिहिलेलं असतं. 'काळा' लिहिलेला बायोडाटा माझ्या पाहण्यात आलेला नाही. मुलगी एम.एस्सी. झालेली असो की बी.एड., त्या रकान्यातला शब्द कोणता टाकायचा यावर घरात बैठक बसते. फोटो काढायला स्टुडिओत नेतात आणि स्टुडिओवाला न सांगता दोन छटा उजळवून देतो. मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या मुलांना मुली मिळत नाहीत, पस्तिशी उलटलेले मुलगे स्थळं शोधत फिरतायत, तरीही तो रकाना कागदावरून हललेला नाही. मुलाच्या बायोडाट्यात मात्र तो बऱ्याचदा गाळलेला असतो. तिथे एकर लिहिलेले असतात.

हे माप असंच चालत आलंय, असं आपण धरून चालतो. म्हणून याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मला ती सांगताना अजूनही रोमांच उभे राहतात.

जिल्ह्याच्या उत्तरेला, केळणा नदीच्या काठी भोकरदन आहे. आज तालुक्याचं गाव. दोन हजार वर्षांपूर्वी भोगवर्धन नावाचं भरभराटीचं नगर. सातवाहनांच्या काळात व्यापारी मार्गावरच्या या गावची माणसं इतकी सधन होती की पार मध्य भारतातल्या सांची आणि भरहुतच्या स्तूपांना दान दिल्याचे त्यांचे लेख दगडात कोरलेले आहेत. 1973 साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठानं मिळून इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि आर. एस. गुप्ते यांनी त्याचा अहवाल लिहिला. मातीखालून मणी, मृण्मूर्ती, शंखाच्या वस्तू निघाल्या, आणि निघाला हस्तिदंतात कोरलेल्या स्त्रीमूर्तीचा अवशेष. अखंड नव्हता, पण ओळख पटण्यापुरता होता.

ओळख कुणाशी? इटलीतल्या पॉम्पेईशी. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि हे रोमन शहर राखेखाली गाडलं गेलं. 1938 साली अमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाला तिथल्या एका घरात सुमारे 24 सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती भारतीय स्त्री सापडली. 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणून ती प्रसिद्ध झाली, आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. लक्ष्मी की यक्षी यावर अभ्यासक वाद घालतात. आधी ती मथुरेकडची असावी असं मानत. पण भोकरदनला तिच्या जातीचं कोरीव काम निघालं, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही तशीच मूर्ती मिळाली, आणि मग म. के. ढवळीकरांसारख्या अभ्यासकांनी मांडलं की पॉम्पेईची ही बाई भोकरदनच्या कारागिरांच्या हातची असावी.

म्हणजे जालना जिल्ह्यातल्या कुणा कारागिरानं हस्तिदंतात जिला घडवलं ती बाई घाट उतरून, पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरातून गलबतानं निघून, तांबडा समुद्र आणि इजिप्त ओलांडून एका रोमन घरात जाऊन बसली असण्याची दाट शक्यता आहे.

आता तिच्याकडे जवळून पाहू. कंबरेला मेखला, गळ्यात भरगच्च हार, मनगटापासून वर चढत गेलेल्या बांगड्या, घोट्यापासून गुडघ्याकडे जाणारे वाळ्यांचे थर. वस्त्र जवळपास नाहीच. पायावर पाय टाकून उभी आहे, एक हात मानेमागे गेलाय, पाठीवर दागिन्यांनी मढवलेली लांब वेणी. मांड्या आणि नितंब भरदार, छाती भरदार. दोन बाजूंना दोन छोट्या दासी, आणि त्यांच्या हातात प्रसाधनाची पात्रं. साजशृंगार चाललेला आहे. मूर्तीच्या डोक्यातून खाली एक भोक पाडलेलं आहे. त्यावरून एक तर्क असा केला गेला की ही बाई म्हणजे आरशाचा दांडा असावी. ज्या आरशात पाहून रोज कुणीतरी स्वतःला जोखत असेल, तो आरसा धरणारीच ही बाई.

या बाईला आजच्या कपड्यांच्या दुकानात उभी केली तर कमरेला बसणारी जीन्स मांडीतून वर चढणार नाही. विक्रेती मुलगी नम्रपणे 'तुमच्या साइजमध्ये नाही' म्हणेल. आणि हिचं रूप तर समुद्रापार नेऊन विकण्याच्या लायकीचं होतं.

पण तो काळ स्त्रीला फार मोकळा होता, असा अर्थ मी यातून काढणार नाही. नीट पाहिलं तर तिची कंबर बारीकच आहे. तिचंही माप कुणीतरी ठरवलेलं होतं, आणि त्या मापात न बसणाऱ्या शेकडो जणी तेव्हाही भोगवर्धनच्या गल्ल्यांतून पाणी भरत असणार. तिच्या शेजारच्या दासींच्या रूपाची चिंता कुणी केली असेल? मला थक्क करते ती गोष्ट वेगळी: माप बदलतं, आणि इतकं बदलतं की एके काळचा आदर्श दुसऱ्या काळात 'वजन कमी करा'च्या जाहिरातीत 'आधी'चा फोटो म्हणून लागू शकतो. माती तीच, नदी तीच.

रंगाचंही तेच. भोकरदनहून अजिंठा लेणी लांब नाहीत. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पाचव्या शतकातल्या चित्रकारानं एक कृष्णवर्णी राजकन्या रंगवली आहे. 'ब्लॅक प्रिन्सेस' म्हणून जग तिला ओळखतं आणि तिच्या डोळ्यांवर, ओठांवर जीव टाकतं. पंढरीच्या सावळ्या रूपावर तर अख्ख्या महाराष्ट्रानं शतकानुशतकं प्रेम केलं. त्याच महाराष्ट्रात 1975 साली गोरं करण्याची क्रीम बाजारात आली आणि गावोगावच्या किराणा दुकानात छोट्या पुडीतून पोचली. तिच्या नावातला 'फेअर' हा शब्द जायला 2020 साल उजाडलं.

माप बदलायला किती वेळ लागतो? शतकं लागत असतील, असं आपल्याला वाटतं. याचं उत्तर पॅसिफिक महासागरातल्या फिजी बेटांवर मिळालं. तिथे भरलेलं अंग हे सुखाचं, घरच्यांनी काळजी घेतल्याचं लक्षण. कुणी वाळलं तर शेजारीपाजारी चिंता करत. आपल्याकडच्या आज्यासुद्धा माहेरी आलेल्या नातीला पहिल्यांदा हेच विचारतात, 'काय गं, वाळलीस? सासरी अंगाला लागत नाही का?' 'खात्यापित्या घरची' ही आपल्याकडे तारीफ होती. 1995 साली फिजीच्या नाड्रोगा भागात टीव्ही आला. हार्वर्डच्या ॲन बेकर यांनी टीव्ही नुकताच पोचला असताना शाळकरी मुलींची पाहणी केली आणि 1998 मध्ये पुन्हा केली. पहिल्या पाहणीत वजन कमी करायला ओकारी काढणारी एकही मुलगी नव्हती. दुसऱ्या पाहणीत अशा मुली 11.3 टक्के निघाल्या. तीन वर्षं! आजीचं कौतुक आणि नातीची लाज यांच्यात एवढंच अंतर.

इथे एक गाठ सोडवून पुढे जायला हवं. वजनाचा आजाराशी संबंध आहे, तो नाकारून चालणार नाही. भारतीय माणसाला मधुमेह युरोपीय माणसापेक्षा कमी वजनावरही गाठतो, म्हणून आपल्याकडे बॉडी मास इंडेक्सची सावधगिरीची रेषा 25 ऐवजी 23 वर धरतात. पण या निर्देशांकाची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. त्यामागचं गणित 1830 च्या दशकात ॲडॉल्फ केटले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञानं मांडलं. त्याला कुणाचं आरोग्य तपासायचं नव्हतं. समाजातला 'सरासरी माणूस' कसा असतो ते आकड्यांत पकडायचं होतं. 1972 मध्ये अँसेल कीज यांनी त्याला आजचं नाव दिलं. डॉक्टरांचा काटा रक्तातली साखर आणि गुडघे यांच्याबद्दल काहीतरी सांगतो. बघायला आलेल्या पाहुण्यांची नजर त्यातलं काहीच विचारत नाही.

आणि आता सिनेमाकडे परत, कारण मला जे म्हणायचंय ते इथे आहे. 'आय फील प्रिटी' सांगतो की सगळं तुझ्या डोक्यात आहे; तू स्वतःला सुंदर मान, जग मानेल. व्रणाचा प्रयोग वाचला की हे पटतंही. पण ते अर्धंच आहे, आणि अर्धं असल्यामुळे थोडं निष्ठुर आहे. ज्या मुलीला चार ठिकाणांहून नकार आलाय तिला 'तुझा आत्मविश्वास कमी पडला' म्हणणं म्हणजे नकाराचं ओझंही तिच्याच डोक्यावर ठेवणं.

दुसरं अर्धं 1977 साली मार्क स्नायडर, एलिझाबेथ टँके आणि एलेन बर्शाइड यांनी मिनेसोटा विद्यापीठातल्या प्रयोगातून दाखवून दिलं. त्यांनी 51 तरुण आणि 51 तरुणींच्या जोड्या लावल्या. एकमेकांना न पाहता फोनवर दहा मिनिटं गप्पा मारायच्या. बोलण्याआधी प्रत्येक तरुणाच्या हातात 'ही तुमच्याशी बोलणारी मुलगी' म्हणून एक फोटो दिला. काहींना सुंदर मुलीचा, काहींना साध्या दिसणाऱ्या मुलीचा. फोटो खोटे होते, बोलणाऱ्या मुलींशी त्यांचा काही संबंध नव्हता, आणि मुलींना त्या फोटोंबद्दल कुणी सांगितलंही नव्हतं. संभाषणं रेकॉर्ड केली. मग ज्यांना यातलं काहीच ठाऊक नाही अशा श्रोत्यांना फक्त मुलींचा आवाज ऐकवला, तरुणांचा पुसून टाकून.

श्रोत्यांच्या कानांना फरक कळला. ज्या मुलींना समोरचा सुंदर समजत होता, त्या मुली जास्त मनमोकळ्या, आपुलकीच्या, मिसळणाऱ्या वाटल्या. त्या तशा झाल्या, कारण पलीकडचा आवाज तसा होता. कुणीतरी आपल्याशी आनंदानं बोलतंय, आपलं वाक्य पुरं होऊ देतंय, आपल्या विनोदाला हसतंय, एवढं पुरलं. दहा मिनिटांत. त्यांच्यातल्या एकीच्याही डोक्याला मार लागला नव्हता.

म्हणून मला 'वजनदार'ची बांधणी जास्त खरी वाटते. कुंडलकरांनी एक नायिका घेतली नाही, दोन घेतल्या. रेनीला आरशासमोर एकटीनं चमत्काराची वाट पाहावी लागते. कावेरीला पूजा भेटते. घरातले, बाहेरचे ज्या नजरेनं पाहतात तिच्याहून निराळी नजर तिला या मैत्रिणीकडून मिळते, आणि पूजालाही तिच्याकडून. दोघी एकमेकींशी फोनच्या पलीकडच्या त्या आनंदी आवाजासारख्या वागतात. आत्मविश्वास ही पोटातून उमलून येणारी चीज आहे की दोन माणसांच्या मध्ये तयार होणारी, या प्रश्नाचं उत्तर या चित्रपटानं कथेच्या रचनेतच देऊन ठेवलंय.

जालन्यात, अंबडला, परतूरला, भोकरदनला कुठल्या कॉलेजात किंवा महिला मंडळात हा सिनेमा लावायचा बेत कुणी करत असेल तर माझी एक विनंती आहे. फक्त मुलींना बोलावू नका. त्यांना 'आत्मविश्वास वाढवा' असं सांगणारी व्याख्यानं भरपूर झाली आहेत. त्यांच्या भावांना बोलावा, वर्गातल्या मुलांना बोलावा, बायोडाटा लिहिणाऱ्या मामांना आणि ट्रे घेऊन बाहेर ये म्हणणाऱ्या आत्यांना पुढच्या रांगेत बसवा. फोटो त्यांच्या हातात आहे.